माझगावातील चार परगण्यांचे घर

उन्हाळ्याच्या सुट्टीचे वेध लागले की सोलापूर जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांत परदेशी सहलींची बोलणी सुरू होतात. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मोहोळ येथील पेढ्यांवर आणि दुकानांत प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके येऊन पडतात. ‘संपूर्ण जैन भोजन, सोबत महाराज’ ही ओळ त्यांत ठळक छापलेली असते आणि पुष्कळदा सहलीचा निर्णय त्या एका ओळीवरच होतो. सिंगापूर हे या सहलींचे आवडते बंदर. तेथील चायनाटाऊनमध्ये लाल कंदिलांच्या माळांखाली छायाचित्रे काढली जातात, किरकोळ खरेदी होते, आणि त्याच वस्तीत साऊथ ब्रिज रोडवर १८२७ पासून उभ्या असलेल्या मरिअम्मन मंदिराचे गोपूर पाहून सर्वांना सुखद आश्चर्य वाटते. चिन्यांच्या वस्तीत भारतीयांचे इतके जुने देऊळ कसे, असा प्रश्न सहजच कोणी तरी विचारतो.

त्या प्रश्नाचा जोडप्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. भारतीयांच्या वस्तीत चिन्यांचे जुने देऊळ कोठे आहे? ते मुंबईत आहे. कार्तिकी पौर्णिमेला भायखळ्याच्या श्रीआदीश्वर मंदिरात शत्रुंजयाचा भाव मनात धरून हजारो श्रावक दर्शनाला जातात. त्या मंदिरापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, माझगावात, मुंबईच्या जुन्या चायनाटाऊनची ही शेवटची खूण उभी आहे. या दोन देवळांमधले अंतर थोडे आहे. त्यांच्यामधला हिशेब मात्र मोठा आहे आणि तो व्यापारी समाजाने एकदा तरी उघडून पाहावा असा आहे.

हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ नवाब टँक रोड नावाचा रस्ता आहे. तेथील जुन्या घरांच्या ओळीत एक लहानसे लाल रंगाचे घर लक्ष वेधून घेते. त्यावर चिनी अक्षरे आहेत. हेच ‘सी यिप कून’ मंदिर. १९१९ साली ते बांधले गेले. घर दुमजली असून खाली क्वान यिन या करुणेच्या देवतेचे स्थान आहे आणि वरच्या मजल्यावर क्वान कुंग या वीरदेवतेचे. उदबत्त्यांचा दाट वास, लाल-सोनेरी कागदी सजावट, देवापुढे फळे, आणि कौल लावण्यासाठी ठेवलेल्या बांबूच्या काड्यांचे नळकांडे. काड्यांचे नळकांडे हलवावे, जी काडी बाहेर पडेल तिचा क्रमांक पाहावा आणि त्या क्रमांकाच्या कागदावरील उत्तर वाचावे, अशी तेथील रीत आहे. देवाला कौल लावणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

नावाचा अर्थ लक्षात घेतला तर या वास्तूचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ‘सी यिप’ म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधील कँटन शहराच्या मुलुखातील चार परगण्यांतून जगभरच्या बंदरांत माणसे गेली. सॅन फ्रान्सिस्कोपासून मेलबर्नपर्यंत त्यांच्या नावाची अशी घरे आहेत. ‘कून’ म्हणजे सभागृह किंवा उतरण्याची जागा. म्हणजे ही वास्तू केवळ देऊळ नव्हती. बोटीवरून उतरलेल्या, ना भाषा येत ना ओळख असलेल्या खलाशाला पाठ टेकायला जागा मिळावी, आपल्या गावाकडचा माणूस भेटावा, पत्र आले असेल तर हाती पडावे, यासाठी ती होती. सोलापूरकडचा श्रावक पूर्वी मुंबईला गेला की भुलेश्वराजवळच्या हिराबाग धर्मशाळेत उतरत असे. बाजारभाव तेथेच कळत, नोकरीची चिठ्ठी तेथेच मिळे, सोयरीकही तेथेच निघे. माझगावचे हे घर म्हणजे चार परगण्यांच्या चिन्यांची हिराबागच होय.

त्यातील दोन देवतांबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. क्वान यिन ही मुळात बौद्धांच्या अवलोकितेश्वराचे चिनी रूप. भारतातून निघालेली ही करुणामूर्ती शतकांचा प्रवास करून, स्त्रीरूप धारण करून, चिनी खलाशांच्या हातून पुन्हा भारताच्या किनाऱ्याला लागली. क्वान कुंग हा मूळचा सेनापती, पण चिनी व्यापारी त्याची तसबीर दुकानाच्या गल्ल्यापाशी लावतात. कारण शौर्यापेक्षाही त्याची ख्याती दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून आहे. ज्या व्यवहारात कागद कमी आणि भरवसा अधिक, तेथे असा देव लागतोच. हुंडीवर लाखांची उलाढाल करणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ही माणसे मुंबईला आली कशी? त्याआधी मुंबईची माणसे चीनला गेली होती, हे त्याचे उत्तर.

चीनचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. अनुयोगद्वार सूत्रात कीटकांपासून मिळणाऱ्या सुताचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत ‘चीणंसुय’ म्हणजे चीनांशुक, चिनी रेशीम, स्पष्टपणे येते. म्हणजे आगमांच्या काळीही व्यापाऱ्याच्या तोंडी हा शब्द होता. चहा हा शब्द तर चिनीच. बरणी चिनी मातीची. उत्तरेकडे साखरेलाच ‘चीनी’ म्हणतात. मराठी दुकानदार मात्र साखरच म्हणत राहिला. पारशी स्त्रियांच्या भरतकामाच्या ‘गारा’ साड्या कँटनहून येत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापाराने मोठे रूप घेतले. गुजरात आणि पश्चिम भारतातील कापूस मुंबईत गोळा होई आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर जहाजे कँटनला जात. परदेशी व्यापाऱ्यांना तेव्हा चीनमध्ये ते एकच बंदर मोकळे होते. परत येताना चहा, रेशीम, साखर, चिनी मातीची भांडी येत. या व्यापारात पारशी अग्रभागी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. जैनही मागे नव्हते. शेठ मोतीचंद अमीचंद, ज्यांना सारा समाज मोतीशा शेठ म्हणून ओळखतो, हे जहाजांचे धनी होते आणि चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाई यांचे भागीदार होते. कोकणी मुसलमान रोगे आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया हेही याच वर्तुळातले. एका पेढीत पारशी, जैन, मुसलमान आणि शेजारच्या पेढीत गोवेकर ख्रिस्ती, अशी ती मुंबई होती.

भायखळ्याचे आदीश्वर मंदिर मोतीशा शेठ यांनीच उभारले. १८२८ च्या सुमारास त्याची प्रतिष्ठा झाली. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा मुंबईत दंगल उसळली. त्या प्रसंगातून १८३४ मध्ये मुंबई पांजरापोळ उभी राहिली, आणि तिच्या संस्थापकांत जमशेटजींच्या बरोबरीने मोतीशा शेठ होते. शत्रुंजयावर कुंतासर नावाची खोल दरी भरून काढून तिच्यावर मंदिरांची एक संपूर्ण टूक उभारण्याचे धाडस त्यांचे. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांच्या पुत्राने त्या टुकेची प्रतिष्ठा केली. पालीताण्याला गेलेला प्रत्येक यात्रेकरू मोतीशाची टूक पाहून येतो. श्वेतांबर समाजाला तर हे नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखे आहे. दिगंबरांनाही त्याचा आदर आहे.

येथवरचा इतिहास व्याख्यानांत आणि स्मरणिकांत येतो. पुढचा येत नाही.

कापसाच्या गासड्यांबरोबर कँटनला जाणाऱ्या जहाजांत दुसरा माल असे आणि नफा मुख्यतः त्या दुसऱ्या मालात होता. तो माल म्हणजे माळव्याची अफू. उज्जैन, इंदूर, मंदसौर, प्रतापगड या भागांत पिकणारी अफू सावकारांच्या आगाऊ रकमेवर विकत घेतली जाई. कंपनी सरकारने तिला मुंबईतून जाऊ दिले नाही तेव्हा ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गे गेली. शेवटी १८३० च्या सुमारास सरकारने परवान्याची पद्धत आणली. आरंभी एका पेटीमागे १७५ रुपये असलेले शुल्क पुढच्या सुमारे तीस वर्षांत ७०० रुपयांपर्यंत चढले. सरकारी तिजोरीला त्याची इतकी सवय झाली की नीतीचा प्रश्न कोणी काढला तर उत्तर आकड्यांत मिळे. चीनमध्ये मात्र ही अफू आणण्यास बंदी होती. माल नदीच्या मुखाशी उभ्या जहाजांवर ठेवायचा आणि रात्रीच्या होड्यांनी किनाऱ्यावर पोहोचवायचा, अशी ती रीत होती. तिला आजच्या भाषेत तस्करी म्हणतात. १८३९ मध्ये लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या पेढ्यांचाही माल होता. त्यातून युद्ध झाले, चीन हरला आणि १८४२ मध्ये हाँगकाँग इंग्रजांकडे गेले.

या व्यापारातील मुंबईच्या प्रमुख व्यापाऱ्यांत मोतीचंद अमीचंद हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना नेहमी भेटते. ते टाळण्याचे कारण नाही आणि ते मिरवण्याचेही नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ आहे. बावीस अभक्ष्यांतही विष आहे आणि त्याच्या विवरणात अफूचे नाव घेतले जाते. मुंगी मरू नये म्हणून दिवेलागणीपूर्वी जेवणाऱ्या घरांतून हा व्यापार झाला, हे खरे. त्या काळी अफू हे औषधही होते, घरोघरी बाळाला वेखंडाबरोबर चाटवले जाई, सरकारचा परवाना होता, सारी मुंबई त्यात होती, हेही खरे. ही सारी कारणे हिशेबात जमेला धरावीत. पण समोरच्या पानावर कँटनच्या गल्लीतील व्यसनी माणूस नावे टाकला गेला पाहिजे. जमाखर्चाची वही एका बाजूने लिहिता येत नाही, हे व्यापाऱ्याइतके कोणाला माहीत? मोतीशा शेठ यांच्या पांजरापोळीने वाचवलेले जीव खरे आहेत. त्या पेट्यांनी नासलेले जीवही खरे आहेत. एकाने दुसरे खोडले जात नाही. कर्मसिद्धान्तही वजावट करीत नाही. ज्याचे फळ त्याच्या वाट्याला वेगळे येते, असेच तो सांगतो.

चीनला जाणारी भारतीय अफू १९१३ मध्ये थांबली. सहा वर्षांनी माझगावचे देऊळ उभे राहिले.

ज्या जहाजमार्गाने माल गेला त्याच मार्गाने माणसे आली. महाराष्ट्रातील चिन्यांची पहिली ठळक नोंद मात्र बंदरातली नाही, डोंगरातली आहे. मलायाच्या इंग्रज वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाबळेश्वरला आणले गेले. त्यांच्यासाठी तेथे तुरुंग होता. तो १८६४ मध्ये बंद झाला. या कैद्यांनी तेथील रस्ते राखले, वेताचे काम केले आणि भाजीपाल्याचे मळे फुलवले. महाबळेश्वरच्या बटाट्याला आणि विलायती भाज्यांना त्यांचे हात लागले आहेत. तो बटाटा जैन स्वयंपाकघरात शिरला नाही, ही गोष्ट वेगळी. तेथील एक धबधबा अजून ‘चायनामन’ या नावाने ओळखला जातो. सहलीला गेलेली मंडळी तो पाहतात आणि नाव कशावरून पडले याची चौकशी न करता पुढे जातात.

मुंबईत चिनी वस्ती माझगावला आणि शुक्लाजी स्ट्रीटच्या बाजूला होती. कोणी गोदीत सुतार होते, कोणी बोटींवर खलाशी. काहींनी केशकर्तनाची व पुढे सौंदर्यप्रसाधनाची दुकाने काढली. काहींनी पादत्राणे शिवली. ‘चायनीज डेंटिस्ट’ अशी पाटी तर मुंबईकरांच्या ओळखीची होती. दात बसवून घ्यायला लोक विश्वासाने तेथे जात. रेशमाचे गठ्ठे पाठीवर किंवा सायकलवर घेऊन हिंडणारा चिनी फेरीवाला भारतातील अनेक शहरांत दिसे. हिंदीतील थोर लेखिका महादेवी वर्मा यांनी अशा एका फेरीवाल्याचे शब्दचित्र लिहिले आणि त्यावरून मृणाल सेन यांनी १९५९ मध्ये बंगाली चित्रपट काढला. खांद्यावर कापडाचा गठ्ठा, तोंडी मोडकीतोडकी भाषा, उधारी वहीत नाही पण डोक्यात पक्की. मारवाडातून किंवा गुजरातेतून सोलापूर जिल्ह्यात आलेल्या पहिल्या पिढीचे वर्णन याहून फार वेगळे नसे. १८६० मध्ये मुंबईचा लोहमार्ग मोहोळपर्यंत आणि त्याच वर्षी पुढे सोलापूरपर्यंत आला. त्या रुळांनी आडत, कापड आणि किराणा या धंद्यांना वाट करून दिली. चिनी माणूस समुद्राने आला, श्रावक रेल्वेने, एवढाच फरक.

१९१९ या सालाला सोलापूरकरांच्या लेखी दुसरेही महत्त्व आहे. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली आणि भारतीय मालकीच्या जहाजवाहतुकीला नवे तोंड फुटले. त्या उद्योगामागचे वालचंद हिराचंद हे सोलापुरात जन्मलेले दिगंबर जैन. ज्या बंदरात चार परगण्यांचे खलाशी आपले घर बांधीत होते, त्याच बंदरातून सोलापूरचा जैन आपली बोट सोडीत होता.

आणखी एक सोलापूरकर १९३८ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून बोटीवर चढला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यांत ते होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तेथील रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी १९४१ मध्ये विवाह केला, पुत्राचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. चीनमध्ये त्यांची समाधी आजही जपली जाते. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. मोहोळहून ते जेमतेम पस्तीस किलोमीटरवर आहे. मुंबईला किंवा परदेशाला जाऊन चीनशी नाते शोधण्यापूर्वी तेथे जाऊन यावे.

कोटणीसांच्या मृत्यूनंतर वीस वर्षे पुरी होत होती तेव्हा, १९६२ च्या ऑक्टोबरात, सीमेवर युद्ध पेटले. ते महिनाभर चालले. त्याचे परिणाम मात्र भारतातील चिनी कुटुंबांनी आयुष्यभर सोसले.

युद्धकाळात सरकारने सावध राहावे, यात गैर काही नाही. पण त्या वेळी जे घडले ते सावधगिरीच्या फार पलीकडचे होते. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे उचलून आगगाडीने राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आली. त्यांत म्हातारी होती, तान्ही मुले होती. अनेकांचा जन्म भारतातला, काहींना चिनी भाषा वाचताही येत नव्हती. कोणावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता. काहींची सुटका काही महिन्यांत झाली, काहींना १९६७ पर्यंत वाट पाहावी लागली. १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या बोटींतून दोन हजारांहून अधिक जण मद्रासहून कायमचे निघून गेले. मागे राहिलेल्यांना गाव सोडायचे तर परवानगी घ्यावी लागे, ठरावीक दिवशी पोलिसांकडे नोंद करावी लागे. मुंबईचे चायनाटाऊन या काळात विरळ होत गेले. कोणी कॅनडाला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला. छावणीहून परतलेल्या अनेकांना दिसले की घर दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि दुकानातला माल लिलावात गेला आहे.

कोलकाता आणि मुंबई येथे बँक ऑफ चायनाच्या शाखा होत्या. त्या १९६२ मध्ये बंद झाल्या. या बँकेला रिझर्व्ह बँकेने पुन्हा परवाना दिला तो २०१८ मध्ये. दोन राष्ट्रांच्या बँका छप्पन्न वर्षांनी पुन्हा हात मिळवू शकतात. मधल्या काळात ज्याचे खाते गोठले त्या दंतवैद्याला छप्पन्न वर्षे थांबता येत नाही. १९६८ मध्ये शत्रुसंपत्तीचा कायदा झाला. त्याचे मुख्य कार्यालय पूर्वी मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये, कैसर-ए-हिंद इमारतीत होते. चिनी नागरिकांच्या १२६ मालमत्ता या कायद्याखाली असल्याचे सरकारने सांगितलेले आहे. पाकिस्तानात गेलेल्यांच्या नऊ हजारांवर मालमत्तांपुढे हा आकडा लहान दिसतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला अशा मालमत्तेवर हक्क सांगता येत नाही. व्यापारी कुटुंबाला या वाक्याचा अर्थ दोनदा सांगावा लागत नाही.

त्या दिवसांत शेजारी काय करीत होते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. ज्यांनी चिन्याकडून दात बसवून घेतले होते, ज्यांच्या लेकीसुनांच्या अंगावर त्याने आणलेले रेशीम होते, त्यांतील पुष्कळांनी दार लोटून घेतले. काहींनी दुकानांवर दगड टाकले. काहींनी गुपचूप डबा पोहोचवला असेल, किल्ली सांभाळली असेल. अशा माणसांची नोंद कोणत्याही गॅझेटिअरमध्ये होत नसते. अल्पसंख्य व्यापारी समाजाचे भांडवल म्हणजे केवळ गल्ल्यातली रक्कम नव्हे. वाईट दिवशी शेजारी काय करील, हाही त्या भांडवलाचा भाग असतो, आणि त्याचा ताळेबंद वर्षाच्या अखेरीस नव्हे, अशा एखाद्या ऑक्टोबरातच निघतो.

हे दुसऱ्याचे दुःख म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. जपानचे कोबे हे बंदर घ्या. १८६८ मध्ये ते परदेशी व्यापाराला खुले झाले. चीनचा जपानशी तेव्हा करार नव्हता म्हणून चिन्यांना परदेशीयांच्या वसाहतीत जागा मिळाली नाही; ते तिच्या कडेला राहिले आणि तेथे ‘नानकिनमाची’ हे चायनाटाऊन वसले. आज ते कोबेचे आकर्षण आहे. तेथून फार दूर नसलेल्या कितानो या चढणीच्या वस्तीत १९८५ मध्ये संगमरवराचे जैन मंदिर उभे राहिले. श्रीमहावीरस्वामींच्या त्या मंदिरामागे मोत्यांचा व्यापार करणारी गुजराती जैन कुटुंबे आहेत. बंदर परके, भाषा परकी, वस्ती लहान. सणाला एकत्र येणारी थोडी घरे, मुलांनी णमोकार मंत्र विसरू नये म्हणून चालवलेली पाठशाळा, आणि पुढची पिढी येथेच राहील की निघून जाईल ही न बोललेली काळजी. कोबेतील श्रावक आणि माझगावातील चिनी पुजारी यांची गाठ पडली तर दुभाष्याखेरीज दुसरी अडचण त्यांना येऊ नये.

मध्यंतरी चिन्यांचे एक राज्य मात्र भारतात अबाधित विस्तारले, ते खाण्याचे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत ‘मंचुरियन’ हा पदार्थ केला, असे मानले जाते. चीनमधील मंचुरियाचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ पदार्थ कोंबडीचा; त्याचा कोबी झाला, मग कांदा-लसूण वगळून ‘जैन मंचुरियन’ही झाले. आज तालुक्याच्या गावीही संध्याकाळी चायनीजची गाडी लागते आणि मालक विचारतो, ‘जैन करू का?’ माझगावातील चिनी वृद्धांना तो पदार्थ आपल्या देशाचा वाटत नाही, आणि आपल्या आजीला तो आपल्या धर्माचा वाटत नाही. मुले मात्र दोन्ही बाजूंचे न ऐकता खात राहतात.

माझगावचे देऊळ अजून राखले जाते. ज्या घराण्याकडे त्याची देखभाल आहे ते पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच वाढले आहे. चिनी नववर्षाला, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, तेथे दिवे लागतात, कंदील टांगले जातात आणि एरवी विखुरलेली कुटुंबे एकत्र येतात. त्या दिवशी चिनी नसलेले मुंबईकरही येऊन जातात. अँटॉप हिलला त्यांची दफनभूमी आहे. वसंतात पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून तेथे नैवेद्य ठेवण्याची त्यांची चाल आहे. आपल्या पितृपंधरवड्याची आठवण यावी असा तो प्रसंग असतो.

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली तर सकाळी मुंबई येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बर मार्गाची गाडी घेतली की तिसरे स्थानक डॉकयार्ड रोड. तेथून नवाब टँक रोड विचारीत जावे. ‘चिनी मंदिर’ म्हटले की आसपासचे दुकानदार बोट दाखवतात. पादत्राणे बाहेर काढावीत. लाकडी जिना अरुंद आहे, वयस्कांनी कठडा धरून चढावे. फळे किंवा उदबत्ती नेता येते. देवळात कोणी वडीलधारे भेटले तर ते मुंबईच्या हिंदीत बोलतात. घाई न करता दोन शब्द बोलून घ्यावेत. तेथून भायखळ्याला मोतीशा लेनमध्ये आदीश्वर भगवानांच्या दर्शनाला जाता येते. दोन्ही देवळे एका सकाळीच पाहावीत, आणि शक्य तर माझगाव आधी.